थकण्याला दोन शब्द

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून घाबरू नकोस. कुणी पडलेलं नाही, कुणी आजारी नाही. ठिपकी शाळेत गेलीय आणि मी खिडकीपाशी बसून तिच्या चित्रकलेच्या जाड कागदावर हे लिहितेय, कारण घरात रेघांचा कागद उरला नाही. हा कागद शाई पितो, म्हणून अक्षर फुगलेलं दिसेल. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे. फोनवर का नाही बोलले म्हणशील, तर फोनवर तू 'कशी आहेस' विचारतेस, मी 'बरी आहे' म्हणते आणि तिथेच आपलं संपतं. शिवाय तुझी लेक शेजारी कान टवकारून बसलेली असते. पत्रात तुला मला मधे तोडता येत नाही, हा मोठा फायदा. लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून तुला भिंगरी म्हणायला लागलो, आता निदान चार पानं तरी बस.

गेल्या महिन्यात तू म्हणालीस, आई, तू आता थकलीस, परीक्षा झाली की मी येते, ठिपकीला इकडे घेऊन येते आणि इथल्या शाळेत घालते. मी 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. तुमच्या तिथल्या शाळेत चित्रकला नाही, परकी भाषाही नाही, म्हणून तर दोन वर्षांपूर्वी तिला माझ्याकडे ठेवून गेलीस. हायस्कूलची अजून दोन वर्षं राहिलीत तिची. तुझ्या त्या फोनपासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, काजं करताना, भाजी चिरताना, जिना चढताना. उत्तर या पत्रात आहे, पण मला सरळ उत्तराकडे जाता येत नाही. तुझे बाबा म्हणायचे ना, हिला कोपऱ्यावरून मीठ आणायला पाठवलं तर ही आधी सगळा बाजार बघून येते.

तर आधी बाजार. तुझ्या लेकीची ती भाषा मला फार आवडते बघ. कळत काही नाही, पण कानाला बरी वाटते. पहिले काही महिने ती बोलायची तेव्हा घशात काटा अडकल्यासारखं व्हायचं, मी उठून पाणी द्यायचे. आता छान वाहतं तोंडातून. आमटी ढवळता ढवळता म्हणते, आणि मी ऐकत बसते. अक्षरं मात्र आपल्यासारखी नाहीत. आपली कशी एका दोरीवर वाळत घातलेली असतात. त्यांना वर रेघच नाही, दोरी तुटून कपडे खाली पडल्यासारखी सुटी सुटी. आणि एक गंमत, त्या भाषेत खुर्ची बाप्या आहे. ठिपकी मला म्हणाली, आजी, याला काही कारण नसतं, पाठ करायचं. मी म्हटलं, कारण कसं नाही, चार पाय पसरून एका जागी बसायचं, हललं की कुरकुरायचं आणि दुसऱ्यानं पुसायचं, हे बाप्याचंच लक्षण. ती इतकी हसली की वहीवर आमटी सांडली. दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगून आली म्हणे, आणि भाषेच्या बाईंना पाच मिनिटं शिकवता आलं नाही. जावईबापू सुट्टीला घरी येतील तेव्हा त्यांना हे वाचून दाखवू नकोस.

चित्रकलेचं तर विचारूच नकोस. सर काय शिकवतात माहीत आहे का, खुर्ची काढू नका, खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढा. मला आधी वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पण ठिपकीनं माझ्यासमोर बसून नुसत्या रिकाम्या जागा काढल्या, एक तिरकी, एक चौकोनी, एक नुसती चिंचोळी, आणि बघता बघता कागदावर खुर्ची येऊन उभी राहिली, तिला कुणी हात न लावता. मी चाळीस वर्षं काजं करतेय. काज म्हणजे तरी काय, एक भोक आणि त्याच्या भोवती दोरा. भोक नीट झालं तर बटण बसतं. मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, आजी, तू सरांना भेट. मी म्हटलं, त्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलं की भेटेन.

काजांवरून आठवलं. वर्गात दहा वाक्यं लिहायची होती, घरातल्या एका माणसावर. ठिपकीनं माझ्यावर लिहिली. आता काज या शब्दाला तिच्या त्या जाड शब्दकोशात काही मिळेना, का तिला शोधता येईना, देव जाणे. मग तिनं आपल्या मनानं लिहिलं, माझी आजी घरी बसून पुरुषांच्या सदऱ्यांना भोकं पाडते. बाईंनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, का गं, त्यांचं पुरुषांशी काही वाकडं आहे का. शिंपीदादा कपड्यांचं गाठोडं द्यायला आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, वाक्य बरोबर आहे, उगाच खोडू नका.

शिंपीदादा गाठोडं वर आणून देतात हल्ली, हे तुला सांगितलं नव्हतं. आधी मीच जायचे आणायला. तीन जिने आहेत आपल्याकडे, तू धावत चढायचीस तेच. दुसऱ्या जिन्यावर मी थांबते आणि पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करते. किल्ली गळ्यातच असते. खालच्या नर्सबाईंनी एकदा विचारलं, आजी, रोज किल्ली हरवते का. मी म्हटलं, रोज सापडते, तेवढं बघा. हसल्या बिचाऱ्या. पण नर्स आहे ती, हसताना माझ्या पायांकडे बघत होती.

आणि सुयांचं ऐक. मला सुईचं नेढं दिसत नाही म्हणून ठिपकी शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. पहिल्या वर्षी दुपारीच त्या दहा संपायच्या आणि मी तिची वाट बघत बसायचे, की कधी येते आणि कधी ओवून देते. मग संध्याकाळपर्यंत पुरायला लागल्या. मग दोन उरायच्या, मग चार. मी त्या काढून डब्यात टाकायचे, तिला दिसू नये म्हणून. एक दिवस बघते तर उशीला सहाच. मला वाटलं, घाईत विसरली. दुसऱ्या दिवशीही सहा. आता पाच असतात. आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो आणि डबा मधे होता.

आता मुद्द्याच्या जवळ आले, कंटाळू नकोस. सरांनी आणि बाईंनी मिळून एक उपक्रम काढला. घरातल्या एका माणसाला सहा दिवस, एकाच वेळी, एकाच जागी बसवायचं आणि रोज एक चित्र काढायचं. खाली त्या माणसाबद्दलची दहा वाक्यं परक्या भाषेत. मग शाळेच्या लांब व्हरांड्यात सगळ्यांची चित्रं लावायची आणि घरच्यांना बोलवायचं. ठिपकी म्हणाली, आजी, पाच ते सहा तू फक्त बसायचं. भिंगरे, मला आयुष्यात कुणी बस असं म्हटलेलं नाही गं. बसलीस काय, असंच म्हणत आलेत सगळे. पहिल्या दिवशी मी काज करत बसले, रिकामे हात मला जमेनात. तिसऱ्या दिवशी सदरा हातातच राहिला. पाचव्या दिवशी झोप लागली. तोंड उघडं टाकून झोपले म्हणे, आणि ही पोरगी काढत बसली. मी उठल्यावर विचारलं, मला उठवायचं नाही का. तर म्हणते, मॉडेलला हलवायचं नसतं. मॉडेल म्हणे. मी आरशात जाऊन बघून आले.

त्याच आठवड्यात ती वाक्यं पक्की करत होती. भोकांचं वाक्य बाईंनी दुरुस्त करून दिलं होतं, मला ते आधीचंच बरं वाटत होतं. आठवं वाक्य होतं, माझी आजी आता थकली आहे. कुठून आलं ते तुला कळेल, तूच फोनवर म्हणतेस, आणि ती शेजारीच असते. तिनं शब्दकोश उघडला आणि दोनदा पानं मागेपुढे केली. मग म्हणाली, आजी, त्यांच्यात थकण्याला दोन शब्द आहेत. एक, काम करून दमलं तर. जेवलं, झोपलं की जातो तो थकवा. आणि दुसरा, वय होऊन माणूस थकतं तो. तो झोपून जात नाही. आपल्यात दोन्हीला एकच आहे. तू कुठली थकलीस?

मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, पहिलीच लिही की, जेवले की मी ठणठणीत. तिनं मान हलवली आणि वहीत लिहिलं. मला दाखवलं पण, हा बघ तुझा शब्द. मला ती अक्षरं वाचता कुठं येतायत, पण शिवणारा माणूस आकार विसरत नाही. तो शब्द आखूड होता, आणि शेवटचं अक्षर अगदी काजासारखं गोल. मग सहज विचारलं, आणि दुसरा कसा दिसतो. तिनं तोही दाखवला. लांबलचक, मधली दोन अक्षरं रेघेच्या खाली पाय सोडून बसलेली. मी म्हटलं, हा नकोच, फार जागा खातो.

शनिवारी सकाळी आम्ही शाळेत गेलो. नवीन चपला घातल्या होत्या मी, चावत होत्या, पण ऐटीत चालले. केवढा तो व्हरांडा, आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं टांगलेली. कुणाचे आजोबा, कुणाची मावशी. एका मुलीचे काका सहाही चित्रांत फोनवर बोलतायत, म्हणून तिनं त्यांना तोंडच काढलं नाही, नुसता कान आणि हात. एका आजोबांना नातवानं इतकं देखणं काढलं होतं की ते स्वतःच विचारत होते, हे कोण पाहुणे. मी हसत हसत पुढे गेले आणि एकदम माझ्यासमोरच आले. सहा जणी ओळीनं. मला वाटत होतं की झोपलेली मी ओशाळवाणी दिसेन. पण झोपलेली बरी होती गं. उरलेल्या पाच जणी, डोळे उघडे असलेल्या, त्या तिच्यापेक्षा जास्त दमलेल्या होत्या. एवढ्याशा पेन्सिलीनं तिनं ते कसं आणलं, मला सांगता येणार नाही. गालाखालची जागा, मान आणि खुर्ची यांच्यामधली जागा, रिकाम्या जागाच काढल्या असतील तिनं. पहिल्या दिवसापासून सहाव्यापर्यंत मी त्या खुर्चीत थोडी थोडी कमी होत गेले होते.

खाली दहा वाक्यांचा कागद होता. मी बोटानं मोजत आठव्यावर आले. तिथं आखूड शब्द नव्हता. पाय सोडून बसलेला लांब शब्द होता.

भाषेच्या बाई आल्या, म्हणाल्या, आजी, तुमची नात फार नेमकं लिहिते, शब्द निवडून लिहिते. मी म्हटलं, हो, निवडून लिहिते. चित्रकलेचे सर म्हणाले, हिचा हात चांगला आहे. बाई म्हणाल्या, कान चांगला आहे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, खरंच सांगते, त्या शब्दासकट झाला. आपल्याला कुणीतरी इतकं बघितलं, इतके दिवस, आणि बघितलं ते तसंच लिहिलं, हे काय थोडं आहे. तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत माझ्याकडे एवढं बघितलं नसेल. घरी येताना ठिपकी माझा हात धरून चालत होती. दुसऱ्या जिन्यावर मी थांबायच्या आधी तीच थांबली आणि दप्तरात किल्ली शोधायला लागली.

मग सोमवारी तिनं मला एक कागद दिला. पुढच्या वर्षीचे विषय, पालकांची सही. म्हणाली, आजी, इथं सही कर, जास्त वाचत बसू नकोस, नेहमीचाच आहे. तिला वाटतं आजी वाचत नाही, सही तेवढी गिरवते. मी हळू वाचते, पण वाचते. चित्रकलेसमोर खूण होती. परक्या भाषेवर तिनं पट्टी धरून सरळ रेघ मारली होती, आणि कारणाच्या जागी लिहिलं होतं, घरी मदत. भाषेचा तास शेवटचा असतो ना, तीन ते साडेचार. तो सोडला की ती तीनला घरी. मी म्हटलं, पेन चालत नाही. मग दोन दिवसांनी म्हटलं, कागद कुठं गेला कोण जाणे, शिंपीदादांच्या गाठोड्यात गेला वाटतं. ती रोज विचारते. मी रोज शोधते. किल्ली शोधायची सवय आहेच. तो कागद या पाकिटात आहे.

दोन दिवस मी स्वतःशी भांडले. आधी वाटलं, तिला बसवून बोलावं, की मी अगदी ठीक आहे, तू भाषा सोडू नकोस. पण सहा दिवस तिनं माझ्याकडे बघितलंय, तिला काय सांगणार मी. तू म्हणतेस तसं तिला तुझ्याकडे पाठवलं, तर दोन्ही जातं, हातही आणि कानही. इथं माझ्यापाशी राहिली तर आज भाषा सोडेल, पुढल्या वर्षी चित्रकला, आणि मग मला जिन्यावरून धरून आणायचं एवढंच काम उरेल, आणि ती ते हसत हसत करेल, तीच तर भीती आहे. पोरगी गुणी आहे, याचा मला पहिल्यांदाच राग आला.

म्हणून परवा मी शाळेच्या मागं मुलींचं वसतिगृह आहे तिथं गेले. रिक्षा केली, ओरडू नकोस. तिथल्या बाई खमक्या आहेत, मला बरं वाटलं. खोली बघितली, तीन मुली, तीन खाटा, खिडकी मोठी, उजेड चांगला. न्हाणीघर बघितलं, जेवण चाखून बघितलं, मीठ कमी होतं, ते त्यांना सांगितलं. जून महिन्यापासून एक खाट रिकामी होतेय. ती मी ठिपकीच्या नावानं धरून ठेवायला सांगितलीय, पंधरा दिवस धरतो म्हणाल्या.

आता तुझं काम. कागदावरची ती रेघ खोडून दोन्ही विषयांसमोर खूण कर आणि सही करून थेट शाळेत पाठव. परीक्षा झाली की ये, ठरलं होतं तशीच ये, पण ठिपकीला न्यायला नको, मला न्यायला ये. बाबा गेल्यापासून तू दर वर्षी म्हणालीस आणि दर वर्षी मी नाही म्हटलं, माझं घर, माझी खिडकी, माझं काम. ते सगळं मी आता सोडतेय, शिंपीदादांना आणि नर्सबाईंना तसं सांगून टाकलंय, घरमालकांशी तू बोल. फक्त एक कर. मी तिच्यासाठी निघाले असं ठिपकीला कळलं तर ती खाटेवर बसायचीही नाही, माझ्या मागं येईल. म्हणून तू तिला वेगळं पत्र लिही. त्यात लिही की हे सगळं तूच ठरवलंस, तुला तिथं एकटीला निभत नाही, संध्याकाळी घरी आलं की घर खायला उठतं, तुला तुझी आई हवी आहे. लिहिताना तुला वाटेल की आई आपल्याला खोटं लिहायला लावतेय. वाटू दे, तरी लिही. आणि लिहून झालं की पाकीट बंद करायच्या आधी एकदा परत वाच, त्यातलं किती खोटं आहे ते मला इथं आल्यावर सांग.

तुझीच,
दुसऱ्या शब्दाची आई